हे मशीनमध्ये कसं झालं असेल? एरर नाणी तपासायला शिकतानाचा माझा अनुभव

सुट्ट्या पैशात मला एक रुपयाचं एक नाणं मिळालं, २०११ नंतर आलेलं छोटं स्टीलचं, आणि त्याची उजवीकडची कड, इंग्रजीतल्या इंडिया शब्दाच्या शेवटच्या अक्षराजवळ, अर्धगोल आकारात गायब होती. ज्याला दाखवलं तो म्हणाला कुणीतरी कापलंय हे. मला तसं वाटेना कारण कापलं असतं तर कड धारदार लागली असती आणि ही बोटाला गुळगुळीत लागत होती, बाकी कडेसारखीच. पण गुळगुळीत लागते हा काही पुरावा नाही, म्हणून नीट शोध घ्यायचं ठरवलं आणि त्यातून हा सगळा नाद सुरू झाला.

आधी सामान घेतलं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा, व्हर्नियर आणि एक साधं लोहचुंबक. एवढ्यात बहुतेक काम भागतं. मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघू नका असं मी कळकळीने सांगेन, कॅमेरा स्वतःच कडा शार्प करतो आणि नसलेली रेघ दिसायला लागते.

एका प्रदर्शनात फक्त एरर नाणी, म्हणजे टांकसाळीतच चुकीची पाडली गेलेली नाणी, घेऊन बसलेले एक काका भेटले. मी नाणं पुढे केलं आणि विचारलं, "काका, हा क्लिप एररच आहे ना?" म्हणजे चकतीची कड कारखान्यातच कापली गेलेली. त्यांनी नाणं हातात घेतलंच नाही. म्हणाले, "नाव नंतर ठेवू रे. आधी मला सांग बघू, मशीनमध्ये हे कसं झालं असेल?" मला तेव्हा सांगता आलं नाही, पण आज इतकी नाणी बघून झाल्यावर मला वाटतं की या विषयात विचारण्यासारखा प्रश्न हा एकच आहे. मशीनमध्ये ते कसं घडलं हे पायरी पायरीने सांगता आलं तर तो एरर, नाही सांगता आलं तर बहुतेक वेळा ते टांकसाळीबाहेर झालेलं डॅमेज असतं.

म्हणून मग नाणं कसं पाडतात ते वाचत बसलो. धातूची लांब पट्टी येते, पंच तिच्यातून गोल चकत्या पाडतो, त्या चकत्यांची कड एका वेगळ्या मशीनमध्ये चहूबाजूंनी दाबून थोडी उचलतात म्हणजे रिम तयार होते, आणि मग ती चकती कॉलर नावाच्या कड्यात बसते आणि वरखालच्या दोन डाय, म्हणजे छाप कोरलेले ठसे, तिच्यावर दाब देतात, एका दणक्यात दोन्ही बाजू आणि कड तयार. हे सगळं मिनिटाला शेकडो नाणी या वेगाने चालतं. आता पट्टी जर पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो, लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर सरकली की पुरीला जशी खाच पडते अगदी तसंच. ती खाच घेऊनच चकती पुढच्या मशीनमध्ये जाते. आणि इथे खरी गंमत आहे, कड उचलणारं मशीन चकतीला दोन समोरासमोरच्या बाजूंनी दाबतं, खाचेच्या जागी दाबायला धातूच नाही, त्यामुळे खाचेच्या बरोब्बर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली रिम कच्ची राहते. संग्राहक याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात.

घरी येऊन भिंगाखाली धरलं. खाच इंडियाच्या बाजूला, म्हणजे समोरची बाजू भारत या अक्षरांच्या बाहेरची. तिथली रिम खरंच पातळ होत होत जवळजवळ मैदानात, म्हणजे नाण्याच्या मोकळ्या सपाट भागात, मिसळलेली, आणि दोन्हीकडे हळूहळू पुन्हा जाड होत गेलेली. खाचेजवळच्या अक्षराचा पाय थोडा पसरलेला, खाचेकडे ओढल्यासारखा, कारण दाब आल्यावर धातू मोकळ्या जागेकडे सरकतो. कानसीने घासून खाच केली असती तर अक्षर जिथल्या तिथे कचकन तुटलं असतं, समोरची रिम ठणठणीत राहिली असती आणि खाचेच्या आतल्या भिंतीवर कानसीच्या समांतर रेघा दिसल्या असत्या. वजन साडेतीन ग्रॅमच्या जरा वर आलं, पूर्ण नाणं ३.७९ ग्रॅमचं असतं. सगळं जुळत होतं. तो आनंद मला शब्दात सांगता येणार नाही, नाण्याच्या किमतीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, एका चकतीच्या बाबतीत कारखान्यात एका क्षणी काय झालं ते मी घरात टेबलाशी बसून ओळखू शकलो याचा होता.

त्यानंतर मी ओळखीच्या दुकानदारांकडून चिल्लर बदलून आणायला लागलो आणि रात्री बसून एकेक नाणं बघायला लागलो. हे काम ज्यांना करायचंय त्यांनी आधी वजनं आणि मापं पाठ करावीत, कारण आपल्याकडे नाण्यांचे आकार मधे मधे बदललेत. आधीचं पन्नास पैशाचं स्टीलचं नाणं २२ मिलिमीटर आणि ३.७९ ग्रॅम, एक रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम, दोन रुपये २७ मिलिमीटर आणि ५.६२ ग्रॅम. २०११ च्या मालिकेत यातलं प्रत्येक नाणं एक पायरी खाली आलं, एक रुपया झाला २२ मिलिमीटरचा आणि दोन रुपये २५ चे. त्यामुळे लहान रुपया आणि मोठा रुपया शेजारी ठेवून हा चुकीच्या चकतीवर पाडलाय असं म्हणणारे खूप भेटतात, पण दोन्ही आपापल्या मालिकेत बरोबर आहेत. तसंच पाच रुपयाचं. २००७-०८ ची पाच रुपयाची नाणी स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात, पिवळी नाहीत म्हणून ती एरर होत नाहीत. खरी चुकीची चकती म्हणजे काय, तर दोन रुपयाची छाप पण चकती २२ मिलिमीटरची, मग डिझाईन चकतीत मावत नाही, कडेची अक्षरं अर्धी बाहेर जातात आणि वजन बरोब्बर त्या लहान नाण्याचं भरतं. वजन धड इकडचं नाही तिकडचं नाही असं आलं तर मी आधी घासलेलं किंवा ॲसिडमध्ये टाकलेलं नाणं असा संशय घेतो. ॲसिडवालं ओळखायला सोपं असतं, अक्षरं रिम आकडा सगळं एकसारखं मऊ झालेलं असतं, कुठेही एक ठिकाण जास्त आणि एक कमी असं दिसत नाही.

टांकसाळीच्या खुणांचं पण तेच. वर्षाच्या खाली चौकोनी हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नाही म्हणजे कोलकाता. हे माहीत नसलं की नोएडाचं टिंब हा जादा धातूचा ठिपका वाटतो आणि कोलकात्याचं नाणं खूण विसरलेलं वाटतं. शिवाय काही वर्षी आपण परदेशी टांकसाळींकडूनही नाणी पाडून घेतली आहेत, त्यांच्या खुणा आणखी वेगळ्या. दहा रुपयाच्या नाण्याबद्दल तर इतका गोंधळ झाला होता की रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये सांगावं लागलं की तोपर्यंत आलेली चौदाही डिझाईन्स चालतात. डिझाईन बदललं म्हणजे तो एरर नाही, सगळी लाखो नाणी तशीच असतात.

आता डॅमेजबद्दल. चिल्लरीत जे वेगळं दिसतं त्यातलं बहुतांश हेच असतं, आणि ते बाजूला काढायची सवय लागली की अर्धं काम झालं. जळलेली, भोक पाडलेली, रुळावर ठेवून चपटी केलेली, हातोडीने ठोकलेली. ठोकलेल्यात एक प्रकार फसवा असतो. दोन नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये आवळली की एकाची उलटी आरशातली छाप दुसऱ्यावर खोल उमटते, आणि हे लाखी म्हणून विकलं जातं. खरं लाखी, म्हणजे ब्रॉकेज, कसं होतं तर आधी पाडलेलं नाणं डायला चिकटून राहतं, खाली नवी चकती येते आणि डायऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा चेहरा तिच्यावर दाबला जातो. त्यामुळे एका बाजूला नेहमीची छाप आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी आणि खोलगट. लक्षात घ्या, कोऱ्या चकतीवर, म्हणजे त्या बाजूला दुसरं काहीही नसतं. आवळलेल्या नाण्यात मूळची उठावाची छाप पण असते, दबलेली, वरून चपटी झालेली, आणि तिच्यात ही उलटी अक्षरं घुसलेली. दोन्ही एकाच बाजूला दिसली की तिथेच थांबायचं. मला एकाने असं पाच रुपयाचं नाणं मोठ्या किमतीला देऊ केलं होतं, भिंगाखाली आकड्याचा वरचा भाग चकचकीत सपाट दिसला आणि त्यावर उलटं सत्यमेव, मी धन्यवाद म्हणून परत दिलं.

दहा रुपयाच्या दोन धातूंच्या नाण्यात पण लबाडी चालते आणि ती मी हातात घेऊन बघितली आहे. आतला पांढरा गोल ठोकून बाहेर काढतात, फिरवून परत बसवतात आणि सिंह तिरके दिसतात म्हणून रोटेशन एरर सांगतात. पण विचारा तोच प्रश्न, मशीनमध्ये हे कसं होईल? कडं आणि गाभा आधी नुसते एकात एक ठेवलेले असतात, आणि डायच्या त्याच एका दणक्यात छापही उमटते आणि दोन्ही धातू एकमेकांत घट्ट बसतात. म्हणजे आतलं आणि बाहेरचं डिझाईन एकमेकांच्या संदर्भात फिरूच शकत नाही, डाय एकच आहे ना. फिरलेलं दिसलं तर ते नंतर हाताने फिरवलेलं. खरा एरर असतो तो गाभा मधोमध न बसता एका बाजूला सरकलेला, आणि तिथे बघायचं काय तर डिझाईनचा जो भाग सांध्यावर येतो तो सलग आहे का. मला मिळालेल्या एका नाण्यात पांढरा गाभा थोडा पिवळ्या कड्यात घुसलेला होता आणि एका रेघेचा अर्धा भाग पांढऱ्यावर, अर्धा पिवळ्यावर, पण रेघ एकच, एका सरळीत. भिंग फिरवून फिरवून बघितलं, सांध्याच्या जागी धातू एकमेकांवर किंचित सरकलेले दिसत होते पण रेघ कुठे तुटली नव्हती.

डबलिंग हा सगळ्यात जास्त वादाचा प्रकार. दोनदा उमटलेली अक्षरं दिसली की लोक डबल डाय म्हणतात, पण जवळजवळ सगळं मशीन डबलिंग असतं, म्हणजे छाप उमटल्यावर डाय सुटताना किंचित हलते आणि अक्षराची कड खरवडते. त्यात दुसरं अक्षर तयारच होत नाही, पहिल्याचा एक भाग कापला जाऊन शेजारी सपाट पायरी होते आणि मूळ अक्षर बारीक होतं. खऱ्या डबल डायमध्ये डाय बनवतानाच तिच्यावर दोनदा ठसा पडलेला असतो, त्यामुळे दुसरं अक्षर पण पहिल्यासारखंच गोलसर उठावदार, अक्षराच्या टोकांना स्पष्ट दुभंग, आणि अक्षर रुंद होतं. अमेरिकेचा १९५५ चा डबल डाय सेंट याच कारणाने प्रसिद्ध आहे, वर्षाचे आकडे नुसत्या डोळ्यांनी दोनदोन दिसतात. मशीन डबलिंगला किंमत नाही, कितीही सुंदर दिसलं तरी.

रोटेशन तपासणं सोपं आहे आणि चिल्लरीत सापडण्याची शक्यता पण त्याचीच जास्त. आपली नाणी सिंह सरळ धरून दारासारखी उजवी-डावीकडे उलटली की मागची बाजू पण सरळ यायला हवी. तिरकी आली तर डाय तिच्या जागेत सैल होऊन फिरलेली. थोडीशी तिरकी असेल तर कुणी विचारत नाही, काटकोनात किंवा पूर्ण उलटी असेल तर घेणारे आहेत. पण सैल डाय कोणी लक्षात येईपर्यंत हजारो नाणी पाडते, त्यामुळे हा एरर दिसतो तितका दुर्मिळ नसतो हे किंमत ठरवताना विसरू नये.

किंमत. इथे लोकांना सगळ्यात जास्त घाई असते म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिलं म्हणजे मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. ऑनलाइन कोणीही एका रुपयाच्या नाण्यापुढे लाख रुपये लिहू शकतो. मी बघतो ते संपलेल्या लिलावांचे निकाल, त्याच प्रकारचा एरर, तेच मूल्य, शक्यतो तीच मालिका, आणि तिथेही घेणाऱ्याला वर कमिशन आणि जीएसटी लागलेला असतो तो धरून. असे चारपाच निकाल सापडले की एक अंदाज बसतो, एकच मोठा आकडा सापडला तर तो मी सोडून देतो, त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असतील. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पडतो तो एरर भिंगाशिवाय दिसतो की नाही यावर. डायला गेलेला बारीक तडा, अक्षरात अडकलेला धातूचा ठिपका, डायमध्ये ग्रीस साचल्यामुळे पुसट झालेला शब्द, हे शिकायला उत्तम पण विकायला जवळपास काही नाही. एका हाताच्या अंतरावरून दिसणारी ऑफ सेंटर, म्हणजे मधोमध न बसता सरकलेली, छाप किंवा पूर्ण लाखी याला नेहमी गिऱ्हाईक असतं. ऑफ सेंटरमध्ये पण नुसतं किती टक्के सरकलंय एवढंच नाही, वर्ष आणि टांकसाळीची खूण वाचता येते का हे बघतात, निम्मं सरकलेलं पण वर्ष दिसणारं नाणं हे वर्ष गेलेल्यापेक्षा कितीतरी वर. मग येते स्थिती, कारण चलनात फिरून ओरखडे पडलेलं आणि पिशवीतून ताजं निघालेलं यात एररच्या बाबतीतही फरक पडतोच. आणि शेवटी किती नाणी आहेत. इंग्लंडमध्ये २००८ मध्ये वीस पेन्सचं डिझाईन बदलताना वर्ष एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला नेलं आणि नव्या मागच्या बाजूबरोबर जुनी पुढची डाय लागली, त्यामुळे वर्षच नसलेली नाणी बाहेर पडली. चूक मोठी, बातम्या जगभर झाल्या, पण ती हजारोंच्या संख्येने असल्यामुळे सामान्य माणसाला परवडेल अशाच भावात मिळतात. म्हणजे चूक किती मोठी आणि किंमत किती हे सरळ गणित नाही.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा हे मनापासून सांगतो. जुनं किंवा वेगळं नाणं लाखोंना घेतो म्हणणारे आधी रजिस्ट्रेशन फी मागतात, मग टॅक्स, मग कुरियर, आणि रिझर्व्ह बँकेचं नाव लावतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की ती असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला असं कमिशन घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. २०१२ ची वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयाची नाणी अशाच जाहिरातींमधून फिरत असतात, ती स्मारक नाणी आहेत, एरर नाहीत. खरा विकत घेणारा आधी नाण्याचा फोटो, वजन आणि कडेचा फोटो मागतो, पैसे तोच देतो, तुमच्याकडून घेत नाही.

माझ्या क्लिपवाल्या रुपयाला पुढच्या प्रदर्शनात तीन टेबलांवर भाव विचारला. एकाने नाणं उलटंसुलटं करून सरळ नाही म्हटलं, एकाने सांगितलेला भाव फारच कमी होता, आणि तिसरे ते काकाच. या वेळी त्यांनी विचारायच्या आधी मीच पट्टी, पंच, समोरची कच्ची रिम, वजन सगळं सांगितलं. त्यांनी नाणं घेतलं, भिंग लावलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण खाच लहान आहे आणि नाणं चलनात फिरलेलं आहे, मी यासाठी तुला एवढेच देईन." आकडा मी लिलावांवरून काढलेल्या अंदाजाच्या आसपासच होता. मी विकलं नाही, ठेवलं. ग्रेडिंगला, म्हणजे पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून आणायचा विचार आला होता पण खर्च नाण्याच्या किमतीच्या वर जात होता, हे गणित चलनातल्या बहुतेक एरर नाण्यांना लागू पडतं.

सध्या हातात असलेलं नाणं दोन रुपयाचं आहे, भारत शब्दातला त पूर्ण गायब. ग्रीसमुळे गेला असेल तर त्या जागी मैदान बाकीच्याइतक्याच उंचीवर आणि तशाच पोताचं असायला हवं, आणि शेजारच्या र चा पाय हळूहळू विरत गेलेला दिसायला हवा. कुणी खरवडून काढला असेल तर तिथे किंचित खळगा आणि वेगळी चमक. र विरत गेलाय हे नक्की, मैदानाबद्दल अजून खात्री नाही, तिरप्या उजेडात बघायला टेबल लॅम्प लागेल. नाणं धुतलेलं नाही, धुणार पण नाही, एकदा ब्रश लागला की पोत जातं आणि मग काहीच सांगता येत नाही. कागदी पाकिटात ठेवलंय, वर वजन, वर्ष, खूण आणि कुठून मिळालं ते लिहून.